राबणारे स्वयंसेवक, विकणारे मालक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समाजमाध्यमांच्या मक्तेदारीवरचा आपला अग्रलेख वाचला. मालकांच्या नफेखोरीवरचा रोख योग्यच. पण या मंचांवर फुकट राबणाऱ्या मॉडरेटरांचा त्यात उल्लेखही नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

मॉडरेटर म्हणजे रोज तक्रारींचा ढीग उपसणारा माणूस. कुणी रागाच्या भरात दुसऱ्याचा मोबाइल नंबर टाकलेला असतो, तो आधी उडवायचा. जाहिरातींच्या लिंका काढायच्या, शंभरदा विचारलेल्या प्रश्नाला जुनं उत्तर शोधून द्यायचं आणि वर 'हुकूमशहा' म्हणून शिव्या खायच्या. हा माणूस भांडण मिटवत असताना, कोणती पोस्ट वर दाखवायची ते ठरवणारा अल्गोरिदम तेच भांडण वर चढवत असतो. फेसबुकने २०१७ पासून काही काळ संतापाच्या इमोजीसकट साऱ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं!

२०२३ मध्ये रेडिट या विषयवार समूहांच्या चर्चामंचाने बाहेरच्या ॲप्सकडून एपीआयचे, म्हणजे मंचाशी जोडून घेण्याच्या सोयीचे, जबर पैसे मागितले. निषेध म्हणून जूनमध्ये हजारो समूह मॉडरेटरांनी बंद ठेवले. 'उघडा, नाहीतर तुम्हाला काढू' असं कंपनीने बजावल्यावर बहुतेक उघडले. पुढच्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात आली. स्वयंसेवकांना शेअर खरेदीत प्राधान्य मिळालं, म्हणजे आपणच जोपासलेल्या मंचात वाटा हवा तर पदरचे पैसे मोजा.

याउलट विकिट्रॅव्हलची गोष्ट. लोकांनी लिहिलेली ही प्रवासमार्गदर्शिका २००६ मध्ये एका कंपनीने विकत घेतली. पण मजकूर मुक्त परवान्याखाली होता, म्हणजे लेखकांचं श्रेय देऊन तो कुणालाही दुसरीकडे वापरता येत होता. नाराज लेखक मजकुराची प्रत घेऊन बाहेर पडले आणि विकिव्हॉयेज उभं राहिलं. २०१३ पासून ते विकिपीडिया चालवणाऱ्या ना-नफा विकिमीडिया फाउंडेशनकडे आहे. विकिट्रॅव्हल विकत घेणाऱ्या कंपनीने दोन स्वयंसेवकांना कोर्टातही खेचलं, पण पुढे तडजोड झाली. नाव कंपनीकडे उरलं, माणसं मजकुराची प्रत घेऊन निघून गेली. रेडिटवरच्यांना ही सोय नव्हती. वर्षानुवर्षांची प्रश्नोत्तरं सोडून जायचं कुठे?

मॅस्टोडॉनसारखे विकेंद्रित पर्याय, म्हणजे एका कंपनीऐवजी वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांवरची समाजमाध्यमं, मला आवडतात. पण तिथेही सर्व्हर बदलला की फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. शिवाय सर्व्हर चालवणारा एकटा माणूस थकला की सगळ्यांचाच गाशा गुंडाळला जातो. त्यापेक्षा सभासदांच्या वर्गणीवर आणि मतावर चालणारी सोशल डॉट कोऑप या मॅस्टोडॉनच्याच एका सर्व्हरसारखी सहकारी व्यवस्था मला जास्त टिकाऊ वाटते. (सहकारातही गटबाजी होते, ठाऊक आहे. पण तिथे निदान पदाधिकारी बदलता येतात.)

म्हणून माझी सूचना अशी, की मालकी कुणाची हा वाद चालू राहू दे, पण समूहाचा सगळा मजकूर एकगठ्ठा उतरवून दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्याने आधी मिळावा. वैयक्तिक खात्याची माहिती मागण्याचा हक्क युरोपात आहेच. तो समूहालाही लागू करायला हवा. आपल्या पुढच्या लेखात यावर वाचायला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक