झोपेची गोळी बंद कशी करायची, तेही चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या गणपतीत आम्ही गावी होतो आणि आईची अल्प्राझोलमची, म्हणजे रोजच्या झोपेच्या गोळीची, स्ट्रिप संपली. गावात मेडिकल नाही, आई म्हणाली राहू दे गं, चार दिवस नाही घेतली तर काय होतंय. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा नाही, दुसऱ्या रात्री तेच, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा साडीवर सांडला इतके हात थरथरत होते, घामाने अंग भिजलेलं, छातीत धडधड, आणि सारखं एकच, काहीतरी वाईट होणारे. आम्हाला वाटलं अटॅकच. गाडी काढून तालुक्याला नेलं तर ईसीजी नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी अचानक बंद केलीय का? असं एकदम बंद केलं तर फिट सुद्धा येऊ शकते म्हणाले. सहा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबा गेले तेव्हा आईला घाबरायला व्हायचं, झोप नव्हती, म्हणून पाव मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी दिलेली. त्या पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली आणि पाव मिलिग्रॅमचं एक मिलिग्रॅम झालं, कारण सवय झाली की तेवढ्याने झोप लागत नाही. मेडिकलवाले ओळखीचे, रिकामी स्ट्रिप दाखवली की नवीन मिळायची. खरं तर ही गोळी शेड्यूल एच वन या सरकारी यादीतली, 2014 पासून चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं असा नियम आहे. पण दोष त्यांना एकट्यांना कसा देऊ, स्ट्रिप आणायला मीच जायचे.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, त्या दिवसांत आईला तिचा आधार झाला. पण ती थोड्या दिवसांची असते. सायकियाट्रिस्टकडे गेलो, त्यांनी डोस थोडा थोडा कमी करत आणला, सात महिने लागले. आई ओट्यापाशी सुरीने गोळीचे तुकडे करायची, चुरा झाला की बोटाने टिपून घ्यायची, शेवटी मी गोळी कापायची डबी आणली. मधे एकदा परत घाबरायला लागलं तर महिनाभर त्याच डोसवर थांबलो, पुढे गेलो नाही. आणि एक, या गोळीबरोबर दारू किंवा ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर झाली तर श्वास मंदावू शकतो, आणि वयस्कर माणसं रात्री उठताना तोल जाऊन पडतात, घरात कुणी घेत असेल तर एवढं तरी बघा.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये अल्प्राझोलमच्या जातीच्या सगळ्या गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि अचानक बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे डॉक्टरांनी निदान चिठ्ठीवर मराठीत दोन ओळी लिहाव्यात, किती दिवस घ्यायची आणि मनाने बंद करायची नाही, कमी करायला माझ्याकडे या. आणि मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी नसेल तर आम्हाला सरळ नाही म्हणावं, आम्ही कितीही ओळखीचे असलो आणि रागावलो तरी.

आपली,
एक वाचक, पनवेल