भांडुपच्या खोलीविषयी

बदलापूर, 10 मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

विलासकाका उद्या गावी निघतायत. त्यांच्या हाती हे पत्र आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं देतोय. फोनवर सांगितलं असतं, पण रेंजसाठी सड्यावर जाऊन बोलायचं म्हणजे निम्मं वाऱ्यावर जातं, आणि बाबा फोन स्पीकरवर टाकतात. हे स्पीकरवर सांगण्यासारखं नाही.

भांडुपला खोली घेतली आहे, भाड्याने. करार अकरा महिन्यांचा, परवा सह्या झाल्या. 1 जूनपासून मी, अनुजा आणि सई तिकडे राहणार. बदलापूरचं घर विकलेलं नाही, विकणार नाही, भाड्यानेही देणार नाही. ते तुमचं आहे. बाबा, एवढं दोनदा वाचा आणि मग पुढे जा.

तुम्ही गावी असताना ठरवलं, हे माझं चुकलंच. पण तुम्ही इथे असतात तर आई काही बोलली नसती, नुसती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली असती आणि माझ्याने सही झाली नसती.

बाबा आधी हिशेब मागणार. घराचा हप्ता 21,000 चालूच आहे, त्यावर भांडुपचं भाडं 18,000. रिक्षा आणि पासाचे वाचतील ते धरूनही महिन्याला अकरा-बारा हजार जास्तच जाणार. पैशात हे बसत नाही, कबूल. पण दुसरा हिशेब बघा. सकाळी 7:10 ला मी घर सोडतो, रात्री 8:40 ला चपला काढतो. ऑफिसचे नऊ तास वजा केले तर रोजचे साडेचार तास उरतात, ते रस्त्यात आणि गाडीत. 25 दिवसांचे 112 तास झाले. म्हणजे दर महिन्याला पावणेपाच दिवस, रात्री धरून, मी लोकलमध्ये राहतो. अनुजाचं थोडं कमी, पण तिला घरी आल्यावर दुसरी पाळी असते.

2014 ला डोंबिवलीची खोली विकून आपण इथे आलो तेव्हा चौरस फूट मोजले, हे तास कुणीच मोजले नाहीत. तुमचं चुकलं असं म्हणत नाहीये. तेवढ्या पैशात डोंबिवलीला एक खोली वाढली नसती, आणि इथे लिफ्ट, गॅलरी, आईच्या तुळशीला ऊन, सगळं मिळालं. पण स्वस्त का होतं? कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ, त्यावरूनच आपल्या लोकल आणि त्यावरूनच पुण्याच्या मेल-एक्स्प्रेस. घराच्या किमतीत जे वाचलं ते आम्ही दोघं रोज उभं राहून फेडतोय. तिसरी-चौथी लाईन 2019 ला मंजूर झाली, मेट्रो कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंत येणार म्हणतात. गाडी यायच्या आधी भाव मात्र येऊन बसतो. बिल्डरांच्या फलकांवर मेट्रो कधीचीच धावतेय. आमच्या ऑफिसातला नवा मुलगा बदलापूर परवडत नाही म्हणून आणखी पुढे शेलूला घर बघतोय, त्याला मी काय सांगणार?

आणि बाबा, हे तुम्हीच मला शिकवलंत. गिरणी कामगारांना शेलू-वांगणीला घरं देणार म्हटल्यावर 2025 च्या जुलैत गुडघे दुखत असताना आप्पांचा गिरणी कामगाराच्या घराचा फॉर्म घेऊन तुम्ही आझाद मैदानावरच्या आंदोलनाला गेला होतात. आल्यावर म्हणालात, "गिरणी परळात आणि घर शेलूला? आप्पा भोंगा झाला की जिना उतरायचे." माझं ऑफिस लोअर परळलाच आहे, तेही गिरणीच्याच आवारात. मी उलटून काही बोलत नाहीये, तुमचंच वाक्य तुम्हाला परत देतोय.

आई, तुला एक कबुली द्यायची आहे. मुंब्र्याच्या वळणावर माणसं गाडीतून पडली, त्या 9 जूनला तू मला अकरा फोन केलेस. मी म्हणालो, मी वेळेत पोचलो आणि मला रोज बसायला मिळतं. सकाळी कधीमधी मिळतं, तेही उल्हासनगर-अंबरनाथची मंडळी रिटर्न मारून, म्हणजे आधी उलटी बदलापूरला येऊन, त्याच गाडीत बसून राहिली नसतील तर. संध्याकाळी दादरला चढताना मी दारातच असतो. आता हे वाचून जुनं टेन्शन घेऊ नकोस. भांडुप ते परळ अर्ध्या तासाचं काम आहे, आणि एक गाडी सोडली तरी मागून दुसरी येते. बदलापूरसारखं ताटकळायला लागत नाही.

सईबद्दल लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. बसमधून उतरल्यावर तिला आजीच दिसते, तिची वेणी आजीच्याच हातची. तुझ्यापासून तिला तोडतोय असं तुला वाटेल, मला तर वाटतंच आहे. तुझ्या गुडघ्यांना आराम मिळेल असं कारण देणार होतो, पण ते खोटं आहे, तू एकदाही कुरकुर केली नाहीस. खरं कारण सांगतो. डोंबिवलीला बाबा रात्री यायचे तेव्हा मी झोपलेला असायचो. सकाळी उशाशी राजगिऱ्याचा लाडू असायचा, बाबा नसायचे. तू म्हणायचीस, बाबा येऊन गेले. तो लाडू मी खिशात घालून शाळेत न्यायचो, दुपारपर्यंत त्याचा चुरा व्हायचा. तक्रार नाही बाबा, तेवढा लाडू आणायलाही तुम्ही कुठे उतरत होतात देव जाणे. पण परवा मी सईच्या उशाशी चॉकलेट ठेवलं आणि मला एकदम कसंतरीच झालं.

दर शनिवारी रात्री आम्ही येणार, सोमवारी पहाटे निघणार. मेगाब्लॉक असला तर असला. उन्हाळ्याची, गणपतीची, दिवाळीची सुट्टी सई तुमच्याकडेच. भांडुपची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, म्हणून तुम्हाला तिकडे चला म्हणालो नाही. नकोसे म्हणून नाही. शिवाय आईच्या सकाळच्या फिरण्याच्या बायका तिथे कुठून आणू?

घरात बाथरूमला आधाराचा दांडा बसवून घेतलाय, गॅसची नळी बदलली आहे. दुसरा सिलिंडर गॅलरीत आहे, तो आईने हलवायचा नाही, वॉचमनला सांगायचं. दूधवाला दारात पिशवी ठेवेल. खालच्या डॉक्टरांना माझा आणि अनुजाचा नंबर दिलाय. बाबा, गोळी जेवणानंतर, आठवली की नाही. आणि लालबागला जायचं तर सकाळी 11 नंतरच्या गाडीने, परत 4 च्या आत. हे मी सांगतोय म्हणून ऐका, एवढी वर्षं तुमचं ऐकलंय.

शाकारणी झाली की पावसाआधी निघा. आई, काजूगर आण, पण थोडे, ओझं उचलू नकोस. मागच्या वेळेसारखं दिव्याला उतरून लोकल पकडू नका. पनवेललाच उतरा, मी टॅक्सी घेऊन येतो. संगमेश्वरहून गाडी सुटली की फोन करा. बाबा रागावलेले असतील तर तू कर.

तुमचा,
मन्या