चि. मनीषास, ॲपलक्रॉस, स्कॉटलंड

मु. पो. शिरगाव, ता. चिपळूण
१६ नोव्हेंबर

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो रागानेच ठेवलास, हे आईनेही ओळखलं. म्हणाली, जरा जाऊ देत, मग बोला. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही. माझं एक वाक्य होईपर्यंत तुझी दोन होतात आणि मग माझा आवाज चढतो. म्हणून लिहायला बसलो. प्रज्वल फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, त्याला लागतं.

हिवाळ्यात तू एकटी त्या खिंडीतून गाडी नेतेस, त्यावरून आपलं वाजलं. तो घाटाचा विषय या पत्रात काढणार नाही.

तुझे फोटो आईने टीव्हीवर लावून घेतले. समुद्राकाठी एका ओळीत पांढरी घरं, समोर रासे बेट, त्याच्या मागे स्कायचे डोंगर. आक्का आली होती, ती म्हणाली, एवढ्याशा गावात पोरगी करते काय? आईने सांगितलं, नर्स आहे, घरोघर जाते, म्हाताऱ्यांच्या जखमा धुते, इंजेक्शनं देते. ‘म्हणजे इनव्हरनेसचं मोठं हॉस्पिटल सोडून आपल्या उपकेंद्रासारखंच की,’ असं आक्का म्हणाली. आईला ते लागलं. मला नाही लागलं. उपकेंद्राची बाई वेळेवर आली म्हणून तुझी आजी त्या पावसाळ्यात वाचली होती, हे आक्का विसरली.

आईला सगळ्यांत आवडलं ते त्या मेलरूबाचं. आयर्लंडहून तो साधू आला, ६७३ साली तिथे मठ बांधला, आणि मठाच्या भोवती सहा मैलांत जो कोणी येईल त्याला अभय, त्याला कोणी हात लावायचा नाही. तू लिहिलं होतंस ते तिने दोनदा वाचून घेतलं आणि त्या दगडी क्रॉसच्या फोटोला सरळ हात जोडले. म्हणते, देवाची जागा आहे, पोरीला काही होणार नाही. मी म्हटलं, ती खिंड त्या सहा मैलांत येते का ते विचारून घे. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून गोठ्यात गेलो.

बघ, निघालाच विषय. आता निघालाय तर बोलतो.

तुझ्या खिंडीचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. बॅलाख ना बा. टोर्नाप्रेसच्या फाट्यावर तो मोठा बोर्ड आहे, तू त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढलास, तो मी मोबाईलमध्ये ठेवलाय. २०५३ फूट उंची, पाचास एक चढ, हेअरपिन वळणं. शिकाऊ चालकांनी, फार मोठ्या गाड्यांनी आणि कॅरॅव्हॅनवाल्यांनी पहिल्या मैलापुढे जाऊ नये. आणि हिवाळी हवेत रस्ता सहसा बंद असतो. हे सगळं प्रज्वलने वाचून सांगितलं. तो फोटो मी एसटी स्टँडवर नेऊन आपल्या ड्रायव्हरांना दाखवला. शेलार होता, मुल्ला होता, कराड फेरीचा तो नवा पोरगा होता. मुल्ला म्हणाला, पाचास एक? दादा, आपल्या कुंभार्ली घाटात असा चढ असता तर लाल डबा मागे आला असता. मी म्हटलं, माझी मुलगी आठवड्यातून दोनदा जाते, पलीकडच्या लॉखकॅरनला, एकटी. सगळे गप्प झाले. चहाचे पैसे त्या दिवशी मीच दिले.

घरी आलो आणि रात्रभर डोळा लागला नाही.

तू विचारशील की बाबा, तुम्हीच मला शिकवलंत ना. शिकवलं. त्या मैदानावर काकाच्या जीपवर तुला क्लच शिकवला तेव्हा तुझे पाय धड पोचत नव्हते. पण मी शिकवलं ते पावसाचं. पाऊस दिसतो, धुकं दिसतं, दरड यायच्या आधी बारीक माती घरंगळते, तीही दिसते. तुमच्याकडे तो काळा बर्फ म्हणतात तो दिसत नाही. डांबर ओलं वाटतं आणि चाकाखाली काचेसारखं असतं. त्यावर ब्रेक मारलास तर गाडी तुझी राहत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस, लायनर तापतात, वास येतो, वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. न्यूट्रलवर तर कधीच नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. समोरून गाडी आली तर ती जी मधे-मधे रुंद जागा ठेवलीय तिथे डावीकडे थांब, ती जागा उजवीकडे असली तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांब, पण दरीकडे सरकायचं नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. आणि संध्याकाळी ते हरणांचे कळप रस्त्यावर उतरतात, एक गेलं म्हणून गाडी काढू नकोस, मागून दुसरं असतंच. आपल्याकडे गव्याचं तेच. हेळवाकच्या अलीकडे शेलारच्या बॉनेटवर आला होता ना.

मी परत भाषण करायला लागलो. तू ब्रिटिश लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालीस, मला हे सगळं तुला सांगायचं कारण नाही. राग मानू नकोस. उभी नोकरी स्टेअरिंगवर गेली, आता हात रिकामे आहेत, ते तुझ्या गाडीकडे जातात.

पण तू रविवारी एक वाक्य बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही घाटात गाडी चालवत होता तेव्हा आईने कधी तुम्हाला थांबवलं का?’

नाही थांबवलं. थांबवून पगार कुठून आला असता? पण तू लहान होतीस, तुला माहीत नाही. पावसाळ्यात माझी रात्रीची फेरी असली की ती ओट्यावर बसायची, कंदील न लावता, कारण उजेडात रस्ता दिसत नाही म्हणायची. पोफळीच्या वळणावर गाडीचे दिवे एकदा दिसतात आणि परत डोंगराआड जातात, ते बघून ती आत जाऊन भात टाकायची. एका श्रावणात धुकं असं उतरलं की बॉनेटसुद्धा दिसेना. आमचा कंडक्टर, तात्या, खाली उतरला. पांढरा रुमाल हातात धरून गाडीपुढे चालायला लागला आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्या रुमालामागे. त्याच्या चपला चिखलात रुतत होत्या, तो दर दहा पावलांना मागे वळून हाका मारत होता, ‘उजवीकडे कठडा आहे, डावीकडे नाही.’ गाडीत एक बाळंतीण होती, तिचं पोर सारखं रडत होतं, आणि मला ते बरं वाटत होतं, कारण बाकी सगळे श्वास धरून बसले होते. घरी पोचलो तर पहाट झाली होती. भात गार, आणि आई ओट्यावरच. मला काही बोलली नाही. तुला मात्र त्या दिवशी उगाच एक धपाटा बसला, आठवतो का बघ.

तुझ्यापुढे चालायला तिथे तात्या नाही. तू म्हणतेस खिंडीत फोनला रेंजही येत नाही.

आणि रस्त्याचा मोठेपणा मला सांगू नकोस. १८२२ साली तो झाला, दगड फोडून माणसांनी केला, त्याआधी गावात यायचं तर होडीने, नाहीतर पायी, हे मी ऐकलं. कातळावरून गुरं हाकत बाजाराला नेणारी ती माणसं काय ताकदीची असतील. पण ती गुरं होती, पायाने चालत होती. मला जास्त आत शिरलं ते उत्तरेच्या किनाऱ्याचं. तिथल्या वाड्यांना शील्डेगकडून रस्ता मिळाला तो १९७०च्या दशकात, आणि तोवर माणसं बरीचशी निघून गेली होती. तू पडक्या घरांचा फोटो पाठवलास, नुसत्या दगडी भिंती, आत गवत. आई म्हणाली ही तर आपली वरची वाडी. खरंच तसंच. आपल्या वाडीला डांबर आलं तेव्हा वाडीत दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा होता, बाकी सगळे मुंबईला. उद्घाटनाला नारळ फोडायला खालून माणूस आणावा लागला.

तर तोच रस्ता तू धरायला हवास, मनी. तोच, किनाऱ्याचा. खिंडीने ११ मैल आणि किनाऱ्याने तीस-बत्तीस, हे मला पाठ झालंय. वेळ जातो, डिझेल जातं, ते गाव तुझ्यासाठी थांबलेलं असतं, सगळं मान्य. पण तो खालून जातो, समुद्राला धरून. तिथेही बर्फ असेल, तरी २००० फुटांवरचा वारा नसेल. डिसेंबरात तुमच्याकडे पावणेचारला दिवस मावळतो. लॉखकॅरनहून तू साडेतीनला निघालीस तर माथ्यावर अंधारातच ना? उन्हाळ्यात जा खिंडीने, खुशाल जा, मी एक शब्द बोलणार नाही. तिथले लोकसुद्धा हिवाळ्यात किनाऱ्यानेच जातात असं तूच मागे म्हणाली होतीस. मग त्यांचं तरी ऐक.

तुला वाटेल बाबांना भरवसा नाही. भरवसा आहे म्हणून तर मी स्टँडवर मिरवतो. गावाने स्वतः पेट्रोल पंप चालवायला घेतला, ओढ्यावर आपली आपली वीज तयार केली, ९० किलोवॅटची का होईना, हे सगळं मी तिथे तुझ्या नावावर सांगत असतो. शेलार म्हणतो, आपल्या कोयनेत १९६० मेगावॅट आणि आपल्या वाडीत संध्याकाळी दिवे जातात. मी त्याला म्हटलं, माझी मुलगी ज्यांच्यात राहते ती माणसं वायरमनची वाट बघत बसत नाहीत. आणि समोरची गाडी थांबली की स्टेअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानतात ते तू सांगितल्यापासून मी एसटीवाल्यांना तसं करून बघतोय. कोणाला काही कळत नाही. मुल्लाने विचारलं, दादा, बोटाला काय झालं?

गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुलं आईने बांधून ठेवलीत, कदमांची सून जानेवारीत ग्लासगोला जाते, तिच्याबरोबर देतो. लोकरीचं काही पाठवत नाही, तू म्हणालीस तिथे मेंढ्यांपेक्षा स्वस्त काही नाही. आईचं बीपी बरं आहे. माझ्या मोतीबिंदूचं दिवाळी झाल्यावर बघू म्हणालो होतो, दिवाळी झाली, बघतो. तू पैसे पाठवू नकोस, मागच्या वेळचे तसेच आहेत. ते गाडीला लाव.

रविवारी फोन कर. आधी आईशी बोल. मी मधे बोलणार नाही.

तुझा
बाबा

ता. क. हिवाळी टायर घातलेस का? चारही चाकांना घाल. दुकानदार पुढच्या दोनच घाला म्हणेल, ऐकू नकोस, वळणावर मागची बाजू फिरते. आणि घातलेस की चारही चाकांचे फोटो पाठव, नक्षी दिसेल असे.