कवडशाच्या मागे मागे

१२ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा निरोप वाचला. "थंडीने जीव नकोसा झालाय. बाहेर पडवत नाही आणि घरात करमत नाही." बस्स, एवढंच. ना खुशाली, ना चौकशी. वैतागलास की तुझी वाक्यं आखडतात, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. फोन करण्यात अर्थ नव्हता, तू चारदा 'हं' म्हणून 'बरं, ठेवू का?' म्हणाला असतास. पत्र मात्र तुला वाचावं लागेल. तसाही घरातच आहेस, पळून जाशील कुठे?

सकाळचे साडेदहा झालेत. पायांत मोज्यांचे दोन जोड, खांद्यावर शाल आणि टेबलावर उन्हाचा एक कवडसा, असा माझा सरंजाम आहे. आत्ता तो कवडसा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आहे. तो सरकला की मीही उठणार आणि पुढचं पत्र तिकडे जाऊन लिहिणार. मधेच अक्षर बिघडलेलं दिसलं तर समज, स्वारी मांडीवर पॅड घेऊन सतरंजीवर आलीय.

ही युक्ती मला मांजराने शिकवली. शेजाऱ्यांचं मांजर आहे, वस्तीला मात्र आमच्याकडे असतं. गेल्या वर्षीपर्यंत मी सगळं घर तापवायला निघायचो. दारं लाव, फटी बुजव, हीटर या खोलीतून त्या खोलीत ने, आणि इतकं करून संध्याकाळी नाक गारच. एका रविवारी असाच चरफडत बसलो होतो आणि हे बेटं पूर्वेच्या खिडकीखाली पसरलेलं. ऊन सरकलं तसं उठलं, पाठीची कमान करून आळस दिला, चार पावलं टाकली आणि पुन्हा उन्हात लवंडलं. दुपारी मधल्या खोलीत, उन्हं कलल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी. घराची काळजी त्याला नव्हतीच. आपल्यापुरती हातभर उबदार जागा शोधायची आणि ती हलली की आपणही हलायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. दुसऱ्या दिवसापासून मी तोच उचलला. आता माझ्या दिवसाचं वेळापत्रक कवडसा ठरवतो.

तुझ्याकडेही ऊन येत असणार, तू बघितलं नसशील एवढंच. हिवाळ्यात सूर्य बुटक्या कमानीने जातो, त्यामुळे किरणं तिरपी होऊन घरात खोलवर शिरतात. ज्या दक्षिणेच्या खिडकीतून मे महिन्यात ऊन आत डोकावतही नाही, तीच डिसेंबरात समोरच्या भिंतीपर्यंत पट्टा टाकते. हा सगळा पृथ्वीच्या २३.४ अंश कललेल्या आसाचा खेळ. आणि गंमत ऐक, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या वर्षातल्या सर्वांत जवळच्या जागी असते. साधारण १४.७ कोटी किलोमीटर, जुलैत ते अंतर १५.२ कोटी होतं. म्हणजे आपण ऐन जवळ गेलेलो असताना कुडकुडतो!

या हिवाळ्यात मी एक उद्योग केला. दर रविवारी भर दुपारी बाराला उन्हाचा पट्टा फरशीवर जिथवर पोचतो तिथे खडूची रेघ मारत गेलो. नोव्हेंबरात रेघा झपाझप आत सरकत होत्या. मग १४, २१ आणि २८ डिसेंबरच्या रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पण नाही, सूर्य त्या दिवसांत खरोखरच दक्षिणेला जाऊन थबकल्यासारखा असतो, उंची तसूभर बदलते. कालची रेघ मात्र चांगली चार बोटं मागे, खिडकीकडे आलीय. ती पाहून मला जो आनंद झाला तो घरात कुणाला समजावून सांगता आला नाही. उलट "फरशी कधी पुसणार?" असं विचारलं गेलं.

(कवडसा टेबलावरून गेला. आता सतरंजी.)

तर कपड्यांचं. एकच जाडजूड स्वेटर घालून बसू नकोस, दोन-तीन पातळ थर घाल. ऊब कापडात कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो, ती वाया जाऊ द्यायची नाही इतकंच आपलं काम. पायांशी रबरी पिशवीत गरम पाणी ठेव. उकळतं नको, आणि बूच लावण्याआधी पिशवी दाबून आतली हवा काढ. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो: कितीही गारठा असला तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नकोस. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळतही नाही. झालं, वडीलधारेपणा संपला.

आता हसू नकोस, मी विणायला लागलोय. खरं म्हणजे आधी उसवायला लागलो. माळ्यावरच्या पेटीत माझा कोपरं गेलेला तपकिरी स्वेटर होता, तोच, ज्याला तू 'अस्वल' म्हणायचास. टाकून द्यायचं जिवावर आलं. म्हणून आधी बाजूची शिवण कात्रीने उकलली आणि गळ्यापाशी, जिथे टाके बंद केलेले असतात, तिथलं टोक शोधायला बसलो. तेच टोक हवं. खालून, जिथे पहिले टाके घातले, तिथून उसवायला गेलास तर ओळीओळीला गाठ बसते. टोक सापडायला पाऊण तास गेला. एकदा सापडल्यावर मात्र ओढलं की टर्र टर्र करत ओळच्या ओळ निघून येते. मांडीवर लोकरीचा ढीग वाढत होता आणि हातातलं अस्वल लहान लहान होत होतं. मला वाटतं हिवाळ्यातलं सर्वांत सुखाचं काम हेच असेल. डोकं लागत नाही, हात रिकामे राहत नाहीत आणि मांडी आयती गरम होते.

उसवलेली लोकर कुरळी निघते, प्रत्येक टाक्याचं वळण तिच्या अंगात मुरलेलं असतं. ती तशीच विणली तर वीण उंचसखल येते. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली हलकंसं वजन लटकवून वाळत घालायची. दोन दिवसांत सरळ. कोमट म्हणजे कोमटच हं. गेल्या वर्षी मी एक चांगला लोकरी स्वेटर कढत पाण्यात घालून खसाखसा चोळला होता. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, उष्णतेने आणि चोळण्याने ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. तो स्वेटर आता बाहुलीला होईल. टोपीसारखा डोक्यावर ठेवून बघितला, तर तिथेही बसला नाही.

सध्या मफलर चाललाय, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. विसाव्या ओळीत एक टाका निसटला होता, तो मला तिसाव्या ओळीत कळला. दहा ओळी उसवाव्यात की तसंच पुढे जावं, यावर एक अख्खी दुपार विचार केला. शेवटी तसाच पुढे गेलो. मफलर गळ्याभोवती गुंडाळल्यावर कोण बघतंय? तो तुझ्यासाठीच आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे भोक बघून बोंब मारणार नाहीस.

दुसरं व्यसन जिगसॉ पझलचं. त्याची सुरुवात १७६०च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे करणाऱ्याने केली, असं मानतात. तो लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापायचा, पोरांना भूगोल शिकवण्यासाठी. माझं पझल १००० तुकड्यांचं, आणि त्यातले निदान ३०० निव्वळ निळ्या आकाशाचे! रंगावरून काही कळत नाही, आकार बघून एकेक लावून पाहायचा. चार रात्री झाल्यावर एक तुकडा कमी. सगळं घर हुडकलं, सतरंजी झटकली, केरसुणी धुंडाळली, मांजरावर संशय घेतला. पाचव्या दिवशी तुकडा माझ्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत मिळाला. बारा तास तो माझ्या मनगटावर बसून मला शोधताना बघत होता.

(दुपारचे दोन. भिंतीला पाठ टेकून लिहितोय, म्हणून ओळी चढावर चालल्यात.)

बाकीचं भराभर सांगतो. पातेलंभर सूप मंद आचेवर ठेवून दे. खायला होतंच, शिवाय वाफेने खोलीतली हवा जरा ओलसर राहते. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की कोरडी ठक्क होते, तुझा घसा आणि ओठ त्यानेच फुटत असणार. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायला घे, मऊ पेन्सिलने, बॉलपेनची टोकं पुढच्या बाजूला उमटतात. आपल्या सहलीच्या फोटोत डावीकडून तिसरा कोण, ते मात्र मला आठवेना. तुला आठवतंय का? आणि माळा आवरणं, कपाटं पुसणं असली कामं थंडीत मुळीच काढू नकोस. गार पाण्यात फडकं पिळताना सगळी हौस जिरते. मोबाइलचंही माझं जमलं नाही. तो धरायला एक हात पांघरुणाबाहेर काढावा लागतो आणि तोच हात आधी बर्फ होतो. पुस्तकाचंही तेच म्हणशील, पण पुस्तक कुणाकडून तरी वाचून घेता येतं. आम्ही रात्री आळीपाळीने वाचतो. ज्याची पाळी नसेल त्याने डोळे मिटायची परवानगी आहे, घोरायची नाही.

तुझी खरी तक्रार अंधाराची आहे, ते मला कळलं. पाच वाजले की खिडक्या काळ्या होतात आणि पुढचे सहा तास खायला उठतात. पण एक सांगू? सगळ्यांत लवकर मावळणारा सूर्य वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा नसतो, तो त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. संध्याकाळ केव्हाच लांबायला लागलीय. तुला पटत नाही, कारण डिसेंबर संपला तरी सकाळी उजाडायला उशीर होतच राहतो आणि तू हिशेब सकाळीच करतोस, पांघरुणातून एक डोळा उघडून.

आणि अंधाराचा उपयोग कर की! जेवण झाल्यावर खोलीतला दिवा मालव, काचेवरची वाफ पुस आणि दक्षिणेकडे बघ. मृग चांगला वर आलेला असतो. त्याच्या पोटात ओळीने तीन तारे, तो बाण. बाणाची रेघ खाली डावीकडे लांबवलीस की व्याध, अख्ख्या रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ वर उजवीकडे नेलीस की तांबूस रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. पाच मिनिटांचं काम, खुर्ची सोडायलाही नको. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८.६ वर्षं लागतात. आज तुझ्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघाला, तेव्हा तू माझी काळी छत्री नेली होतीस. प्रकाश पोचला. छत्री यायची आहे.

यावर तू म्हणशील, हे सगळं एकट्याने करायचं? तर नको करूस. चौघांना बोलाव, एकाच खोलीत बसव, दार ओढून घे आणि पत्ते वाट. चार माणसं म्हणजे ४०० वॉट, आणि तुमच्यातला एक तरी चिडका असला तर आणखी थोडे. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा आपणही बसूच. तोवर निदान एक खडू शोधून फरशीवर रेघ मारून ठेव. मला तुझ्याकडच्या पट्ट्याची लांबी बघायची आहे.

कवडसा आता स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलाय आणि तिथे मांजर आधीच बसलंय. त्याला थोडं सरकवून पाहिलं, सरकत नाही. तेव्हा इथेच थांबतो. पत्र आजच पेटीत टाकायचं तर ऊन असेपर्यंत निघायला हवं, आणि कानटोपी कुठे गेली ते सापडत नाहीये.

तुझाच,
अस्वलवाला

ता. क. कानटोपी सापडली. मांजर तिच्यावरच बसलं होतं.