रेंजला दोष देण्याआधी मेनू तपासा

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीसाठी दापोली, गुहागर, मालवणकडची घरगुती निवासाची आणि बोटफेऱ्यांची संकेतस्थळं लोक आता चाळू लागतील. त्यांतल्या काहींत एक ठरलेलं दुखणं असतं. तालुका किंवा भाषा बदलली की मेनू नव्याने येतो, दिसतोही नीट, पण बोट टेकवलं तर ढिम्म. पर्यटक रेंजला शिव्या घालतो. मेनू दिसतोय म्हणजे रेंजने आपलं काम केलेलं आहे. चूक कोडमध्ये आहे.

क्लिकचा हँडलर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोडचा तुकडा, पानावरच्या नेमक्या एका घटकाला चिकटवलेला असतो. मेनूचं नवं एचटीएमएल (पानाची मांडणी सांगणारा मजकूर) 'इनर-एचटीएमएल'मध्ये, म्हणजे चौकटीच्या आतल्या भागात, ओतलं की जुना घटक जातो आणि त्याच्याबरोबर हँडलरही. नव्याची आयडी आणि क्लास ही ओळखीची नावं तीच असली तरी ब्राउझरच्या लेखी तो परकाच.

यावर सर्रास केली जाणारी मलमपट्टी म्हणजे दर लोडनंतर सगळे हँडलर पुन्हा जोडणं. जे घटक बदललेच नाहीत त्यांना मग दोन हँडलर लागतात: एक उपमेनू उघडतो, दुसरा त्याच क्षणी मिटतो. तीन झाले की तो पुन्हा उघडतो! म्हणून ही चूक चाचणीत कधी सापडते, कधी निसटते. नाव दिलेलं तेच फंक्शन (कोडचा तुकडा) 'अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर' या हँडलर जोडणाऱ्या आज्ञेला पुन्हा दिलं तर ब्राउझर दुर्लक्ष करतो. जागच्या जागी लिहिलेलं निनावी फंक्शन मात्र दरवेळी नवंच धरलं जातं.

खरा उपाय सोपा आहे. मेनू ज्या चौकटीत येतो ती चौकट बदलत नाही. हँडलर एकदाच तिला जोडा. आतला क्लिक वर चढत तिथे पोचतोच. कोणतं बटण दाबलं ते 'टार्गेट'वर (प्रत्यक्ष दाबला गेलेला घटक) 'क्लोजेस्ट' (त्याच्यापासून वर जात जुळणारा पहिला घटक देणारी आज्ञा) लावून शोधा, कारण बोट बटणातल्या चित्रावर पडलं तर टार्गेट ते चित्र असतं. काही सापडलं नाही तर तिथेच परत फिरा. जेक्वेरी या तयार कोडसंचात चौकटीवर 'ऑन' लावून मेनूचा सिलेक्टर (घटक निवडणारी खूण) इव्हेंटच्या नावानंतर दुसऱ्या जागी द्यावा. जुन्या थीममधलं, हेच काम करणारं 'लाइव्ह' जेक्वेरीच्या १.७ आवृत्तीपासून बाद ठरलं आणि १.९ मध्ये (२०१३) काढूनच टाकलं. जेक्वेरी अद्ययावत केल्यावर मेनू एकाएकी मेला तर आधी तेच शोधावं.

दोन अडचणी तरीही उरतात. आतल्या एखाद्या कोडने 'स्टॉप-प्रोपगेशन' केलं, म्हणजे क्लिकला वर चढू दिलं नाही, तर क्लिक चौकटीपर्यंत येत नाही. 'फोकस' आणि 'ब्लर' (घटक निवडला जाणं आणि सुटणं) हे इव्हेंट मुळातच वर चढत नाहीत. तिथे 'फोकस-इन', 'फोकस-आउट' वापरा. आणि मेनूसाठी डिव्ह (साधा रिकामा चौकोन) नको, बटण घ्या. कीबोर्डची सोय त्यात फुकट मिळते.

संकेतस्थळ करून घेणाऱ्या निवासमालकांनी शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं पाहावं: पान उघडून मेनू दाबा, तालुका बदलून दाबा, पुन्हा बदलून दाबा. तिन्ही वेळा तो उघडला पाहिजे. मधल्या खेपेला अडला तर डेव्हलपरला क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतल्या 'इव्हेंट लिसनर्स' टॅबमध्ये हँडलर मोजायला सांगा.

– एक वेब डेव्हलपर, रत्नागिरी