पिशवी काढल्यानंतरचे मानसिक आरोग्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रजोनिवृत्ती आणि मानसिक आरोग्य या विषयावर अलीकडे वृत्तपत्रांतून बरेच लिहून येते, ही समाधानाची बाब आहे. मात्र त्या लेखांतली स्त्री बहुधा पन्नाशीच्या आसपासची आणि शहरातली असते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांपैकी अनेकींची पाळी चाळिशीच्या आतच शस्त्रक्रियेने थांबलेली आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१९ मधील पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले होते. या शस्त्रक्रिया का झाल्या, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्यानंतर या बायकांच्या मनाचे काय झाले, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

पाळी नैसर्गिकरीत्या जाते तेव्हा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण काही वर्षे खालीवर होत कमी होते. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले, तर हीच घट काही दिवसांत होते. मेंदूतल्या सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाच्या कार्याशी इस्ट्रोजेनचा संबंध असल्याने, आणि रात्री दरदरून घाम येऊन झोप मोडत असल्याने, चिडचिड, धडधड, विनाकारण रडू येणे, कशातच मन न लागणे असे त्रास सुरू होतात. बीजांडकोश ठेवले असतील तर एवढा आघात होत नाही; पण पाळीच नसल्यामुळे पुढे ते मंदावू लागल्याचे त्या बाईला कळण्याचा मार्गही उरत नाही.

निवृत्त परिचारिका म्हणून अशा बायकांचे कागद मी आजही वाचून देते. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत शस्त्रक्रियेचे नाव असते. बीजांडकोश काढले की ठेवले, हे कित्येकदा त्यावर नसतेच, आणि बाईला तर एवढेच ठाऊक असते की ‘पिशवी काढली’. ‘जीव घाबरा होतो’ म्हणून ती आली, की सलाईन लावून किंवा झोपेची गोळी देऊन परत पाठवतात, नाहीतर घरचे तिला देवऋषीकडे नेतात. फडात तर खाडा पडला की मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या मजुरीतून, पैसे कापतो, तेव्हा न झोपलेली बाईसुद्धा पहाटे कोयता घेऊन निघते.

आरोग्य खात्याने हंगामापूर्वीच्या तपासणीत हिमोग्लोबिनच्या बरोबरीने झोप, मनःस्थिती आणि पूर्वीची शस्त्रक्रिया यांचीही विचारपूस करावी. असेच त्रास थायरॉइडमुळेही होतात, म्हणून ती चाचणीही व्हावी. कमी वयात दोन्ही बीजांडकोश काढलेल्या स्त्रीला, अन्य धोका नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस वैद्यकशास्त्र करते; ही सोय निदान उपजिल्हा रुग्णालयात तरी असावी. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आशाताईंनी टोळी गाव सोडण्याआधीच प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये नोंदवून द्यावा. आणि बीजांडकोशांबाबतचा उल्लेख डिस्चार्ज कार्डावर मराठीत करणे खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, माजलगाव (जि. बीड)