ध्येयवेड्या मुलांचं तुम्ही पुढे काय करता?

मा. संरक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सैन्यभरतीच्या मेळाव्यात तुम्ही म्हणालात, देशाला ध्येयवेडी मुलं हवीत. माझा धाकटा भाऊ तसाच होता. घरातून सक्ती नव्हती, पगारासाठीही तो गेला नाही. दुबळ्यावर हात उगारला जात असेल तर कुणीतरी मध्ये उभं राहायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अशा मुलांचं लढाईनंतर काय होतं, याबद्दल तुमच्या भाषणात अवाक्षर नव्हतं, म्हणून हे पत्र.

लोकांना वाटतं, सैनिक भीतीने खचतो. भीतीबद्दल माझा भाऊ अगदी मोकळेपणाने बोलतो. बोलत नाही ते एका घराबद्दल. आत शत्रू आहे असं सांगून त्याच्या तुकडीला त्या घरावर मारा करायला लावला. दुसऱ्या दिवशी ते तिथून पुढे निघाले तेव्हा अंगणातल्या दोरीवर लहान मुलांचे कपडे होते, चिमटे लावून नीट वाळत घातलेले. आत एकही हत्यार सापडलं नाही. त्याने वरिष्ठांना विचारलं. ‘अहवाल वर गेलाय, विषय बंद,’ असं उत्तर आलं. अहवालात नोंद आहे ती ‘शत्रूचं ठाणं उद्ध्वस्त’ अशी. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

त्यानंतर एका शाळेत त्याला मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. सगळ्यांना पराक्रम ऐकायचा होता. तो उठला, म्हणाला, ‘पाय कोरडे ठेवत जा, मोजे ओले झाले तर लगेच बदला,’ आणि खाली बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. मला कळलं. त्याला खात्रीने खरं वाटेल असं तेवढंच उरलं होतं.

मंत्रिमहोदय, नुसती नोकरी म्हणून गेलेला माणूस कदाचित यातून सावरला असता. हा विश्वास ठेवून गेला होता. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर अनेक वर्षं उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी नेमकी हीच जखम ओळखली. जिवावरच्या प्रसंगात, ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच न्याय पायदळी तुडवला, तर सैनिकाचा स्वभावच पालटू शकतो, असं त्यांनी मांडलं. अशी जखम झोपेच्या गोळ्यांनी कशी भरून येईल?

आमच्याकडे मात्र गोळ्याच मिळाल्या, आणि सोबत ‘विसरून जा’ हा सल्ला. पहिल्या महायुद्धातच एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स सांगत होते की सैनिकाला आठवणी दाबून टाकायला लावलं तर दुखणं वाढतं. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याने हॅरी फार या शिपायाला मानसिक आघातासाठी काही महिने रुग्णालयात ठेवलं, पुन्हा आघाडीवर धाडलं, आणि तो पुढे जाईना तेव्हा भ्याड ठरवून १९१६ मध्ये गोळ्या घातल्या. त्याच्यासह ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली. नव्वद वर्षं त्याच्या घरच्यांनी तो डाग वागवला. सरकारांना आपली चूक कबूल करायला इतका वेळ का लागतो, हे मला खरंच समजत नाही.

मी पेन्शन वाढवा म्हणत नाही, सत्कारही नको. आदेशाबद्दल शंका असेल तर ती सैनिकाला लेखी नोंदवता यावी, आणि त्याची चौकशी त्या आदेशाशी संबंध नसलेल्या माणसाने करावी. उपचार घेतले म्हणून कुणाची बढती अडू नये. हे तुमच्या अखत्यारीत आहे.

माझ्या भावाने त्या घराबद्दल चौकशीची मागणी करणारा अर्ज दिला आहे. त्याची साधी पोचही मिळालेली नाही. पुढच्या भरती मेळाव्याला जाण्याआधी त्या अर्जावर निर्णय घ्या. आदेश बरोबर होता असं ठरलं तर त्याला पुरावा दाखवा. चुकीचा होता असं ठरलं तर तसं त्याला लेखी कळवा, आणि अहवालातली ती नोंद दुरुस्त करा.

आपली,
एका सैनिकाची मोठी बहीण